वृद्धनिवासात साथ शिरली तर: अहवाल येण्याआधी काय करायचे

प्रश्न असा आहे. चाळीसेक रहिवाशांच्या वृद्धनिवासात दोन दिवसांत पाच जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले आणि एक मदतनीसही आजारी पडली. महिनाभरापूर्वी ताप-खोकलाही असाच एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर फिरला होता. तपासणीचा अहवाल यायला तीन दिवस लागणार. तोवर काय करायचे, आणि दर वेळी आजार सगळ्या इमारतीत का पसरतो?

आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. वृद्धनिवासात आजार ज्या वाटेने पसरतो ती वाट आपल्याच कामाची असते. रहिवासी फारसे हिंडत नाहीत, हिंडतात ते आपले हात: डायपर बदलणारे, भरवणारे, औषध देणारे, उठवून बसवणारे. त्यामुळे रहिवाशांना खोल्यांत बंद करून साथ थांबत नाही. कामाची वाट बदलली की थांबते. ती आज, याच पाळीत बदलायची. नोरोव्हायरस हा अशा उलट्या-जुलाबांच्या साथींमागचा नेहमीचा विषाणू; त्यात जंतू शिरल्यापासून १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात, म्हणजे तीन दिवसांनी अहवाल हातात येईपर्यंत रुग्णांची दुसरी फळी पडून गेलेली असते.

सारखी लक्षणे असलेले, एकमेकांशी संबंध असू शकेल असे दोन रुग्ण दोन-तीन दिवसांत दिसले की ती साथ धरून चालावे. उलटी-जुलाबाच्या बाबतीत एवढी खात्री मात्र करून घ्या: कुणाचे रेचक वाढवले होते का, नवे प्रतिजैविक किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) सुरू झाले होते का, नळीवाटे दिला जाणारा आहार बदलला होता का. पाचपैकी दोघांचे कारण असे निघाले तरी उरलेले तिघे आणि मदतनीस मिळून साथच होते. अर्ध्याहून जास्त रुग्णांना उलट्या, आजार दोन-अडीच दिवसांत ओसरणारा आणि कर्मचारीही आजारी, असे चित्र असेल तर नोरोव्हायरस समजून काम सुरू करा.

यादी, जी पहिल्या तासात बनली पाहिजे

एक कागद घ्या. रहिवाशाचे नाव, खोली, पलंग, लक्षण सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, उलटी की जुलाब की दोन्ही, किती वेळा, ताप, कुठे जेवतो, कोणते स्वच्छतागृह वापरतो, मागच्या तीन दिवसांत कुणी कुणी काळजी घेतली, नमुना घेतला का, कधी बरा झाला. याच कागदावर कर्मचाऱ्यांसाठीही ओळी ठेवा, स्वयंपाकघरातले आणि सफाईचे धरून. नेमके हेच राहून जाते. रहिवाशांची यादी चोख असते, आणि परवा पोट बिघडलेले असताना कामावर आलेली व्यक्ती कागदावर कुठेच नसते.

यादी झाली की तारखांप्रमाणे रुग्णांची संख्या मांडा. सगळे सहा-बारा तासांच्या आत आजारी पडले असतील आणि एकाच जेवणाला बसलेले असतील, तर संशय अन्नावर घ्या. उरलेले पदार्थ फेकू नका, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि आरोग्य विभागाला तसे सांगा. आज एक, उद्या दोन, परवा चार असे चढत गेले असतील तर माणसाकडून माणसाकडे जात आहे. रुग्ण एकाच बाजूच्या खोल्यांत असतील तर त्या बाजूला कोण काम करते ते पाहा. विखुरलेले असतील तर सगळीकडे फिरणारे कोण ते शोधा: औषधांची गाडी, फिजिओथेरपिस्ट, न्हावी, सामायिक कमोड खुर्ची.

नमुन्यांसाठी सगळ्यांचे शौच लागत नाही. पाच-सहा जणांचे, लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या आत घेतलेले पुरतात. पातळ शौच घ्यावे, घट्ट झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडण्याची शक्यता घटते. नमुने फ्रीजमध्ये ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, गोठवू नका. स्थानिक आरोग्य यंत्रणेला त्याच दिवशी कळवा. कळवल्याने नाव खराब होते ही भीती सगळीकडे असते, पण उशिरा कळवलेली साथ नेहमी मोठी झालेलीच असते.

सकाळचे सहा ते आठ

साथ पसरते कशी हे पाहायचे असेल तर सकाळची पहिली फेरी पाहा. मदतनीस हातमोजे घालते आणि पहिल्या पलंगावरचा डायपर सोडते. पुसताना ओल्या वाइप्सच्या पाकिटात पुन्हा पुन्हा हात घालते. त्याच हाताने क्रीमचे झाकण उघडते, पडदा सारते, पलंगाची कळ दाबते, डायपर पिशवीत टाकते आणि आजोबांचा चष्मा उचलून देते. मग मोजे काढते आणि दुसरे घालते, मध्ये हात न धुता. दुसऱ्या पलंगाशी जाताना तोच पडदा, तेच वाइप्सचे पाकीट, तीच क्रीमची डबी. हातमोजे बदलले, नियम पाळला गेला, आणि विष्ठेतला विषाणू चार ठिकाणी पोहोचला. नोरोव्हायरसचे फार थोडे कण संसर्गाला पुरतात, डोळ्यांना काही दिसायची गरज नसते.

म्हणून फेरीची मांडणी बदला. प्रत्येक पलंगासाठी लागणारे वाइप्स आधीच मोजून एका वाटीत काढून ठेवायचे, म्हणजे पाकिटात हात जात नाही. क्रीम प्रत्येकाची स्वतःची, त्यावर नाव. पडदा मोजे घालण्यापूर्वी सारायचा. घाणेरडे काम संपले की मोजे तिथेच उतरवायचे, हात धुवायचे, आणि मगच चष्मा, पाण्याचा पेला, कळ. आजारी रहिवाशांची शुश्रूषा नेहमी शेवटी. पाळीत माणसे कमी असतील आणि एकाच व्यक्तीला दोन्हीकडे जावे लागत असेल, तर हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नका.

हात धुणे म्हणजे साबण आणि वाहते पाणी, पूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची. बोटांची टोके, अंगठा आणि बोटांच्या बेचक्या हमखास सुटतात. एरवी अल्कोहोलचे सॅनिटायझर उत्तम आहे, २० ते ३० सेकंदांत काम होते आणि हातही कमी फुटतात. पण नोरोव्हायरसवर त्याचा भरवसा नाही आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल (प्रतिजैविकांनंतर जुलाब घडवणारा जीवाणू) याच्या बीजाणूंवर ते चालतच नाही. जुलाबाच्या साथीत प्रत्येक दारावर सॅनिटायझरची बाटली टांगून समाधान मानणे ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. बेसिन लांब असेल तर साथीपुरती तोटीची टाकी, खाली बादली आणि साबण खोलीच्या दाराशी ठेवा. हात पुसायला कापडी टॉवेल नको, कागदी हवा.

आणि रहिवाशांचे हात? जेवणाआधी आणि शौचानंतर त्यांचे हात आपण धुवून द्यायचे असतात. पलंगावरच्या रुग्णासाठी साबणाचा ओला कपडा, मग साध्या पाण्याचा, मग कोरडा. हे काम कुणाच्याच कर्तव्यसूचीत लिहिलेले नसते, त्यामुळे होत नाही. आजच लिहा.

उलटी झाली की

उलटीच्या वेळी विषाणू बारीक थेंबांतून हवेत उडतो आणि आजूबाजूला काही फुटांपर्यंत पसरतो. जेवणघरात उलटी झाली तर आधी आसपासच्या लोकांना हलवा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा. आजूबाजूचे उघडे अन्न टाकून द्या. साफ करणाऱ्याने मास्क, हातमोजे, अॅप्रन आणि शक्य असेल तर चष्मा घालावा.

उलटीवर टिपकागद किंवा जुनी कापडे टाकून ओलावा शोषून घ्या. कडेकडून मध्याकडे गोळा करा आणि थेट पिशवीत भरून तोंड बांधा. झाडू, व्हॅक्यूम किंवा फवारा वापरू नका, तिन्हींनी कण पुन्हा उडतात. मग साबणाच्या पाण्याने जागा पुसा. त्यानंतरच क्लोरीनचे द्रावण, डागाच्या चौफेर दोन मीटरपर्यंत, खुर्च्यांचे पाय आणि टेबलाची खालची कड धरून. द्रावण १० मिनिटे ओले राहिले पाहिजे. उन्हाळ्यात किंवा पंख्याखाली ते तीन-चार मिनिटांत सुकते, तेव्हा पुन्हा ओले करा. शेवटी साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर धातू गंजतो आणि फरशी निसरडी राहून कुणीतरी पडते.

द्रावणाचे गणित चुकते म्हणून ते नीट लिहितो. बाजारातल्या सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, बाटलीवर टक्केवारी असते. ५ टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). रोजच्या पृष्ठभागांसाठी साथीच्या काळात किमान १००० पीपीएम हवे: २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी. उलटी-विष्ठा सांडलेल्या जागेसाठी, स्वच्छ केल्यानंतर, ५००० पीपीएम: १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी. बाटली १० टक्क्यांची असेल तर ब्लीचचे प्रमाण निम्मे. झाकणाने अंदाजे ओतू नका, मोजपात्र बांधून ठेवा. पाणी थंड घ्या, गरम पाण्यात क्लोरीन उडून जातो. द्रावण रोज ताजे करा, कालचे टाकून द्या आणि बादलीवर बनवल्याची वेळ लिहा. महिनोन्‌महिने उन्हात पडलेल्या बाटलीत लेबलवरची ताकद उरलेली नसते.

दोन धोके. ब्लीच आणि संडास साफ करायचे आम्ल एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, बंद स्वच्छतागृहात तो जिवावर बेततो. अमोनियायुक्त क्लीनरबरोबरही तेच, वायू वेगळा इतकेच. तसेच भरपूर लघवी सांडली असेल तर तिच्यावर थेट ब्लीच ओतू नका, आधी टिपून घ्या. आणि घाणीवर टाकलेला क्लोरीन घाणच खाऊन टाकते, विषाणूपर्यंत काही पोहोचत नाही. म्हणूनच आधी साबण, मग क्लोरीन.

रोज किमान दोनदा, आजारी भागात त्याहून जास्त वेळा पुसायच्या जागा: नळ, फ्लशची कळ, कमोडची बैठक आणि तिच्या खालची बाजू, आधाराचे दांडे, जिन्याचा कठडा, दाराच्या मुठी, पलंगाची कळ, बोलावण्याची घंटा, टीव्हीचा रिमोट, वॉकरच्या मुठी, व्हीलचेअरचे हात, औषधाच्या गाडीची कड. वॉकर आणि रिमोट कधीच कुणाच्या यादीत नसतात. पोछा आणि बादली आजारी भागाची वेगळी, रंगाने ओळखू येणारी. खराब चादर झटकू नका, अंगाशी धरू नका, पलंगाशेजारीच पिशवीत भरा. धुलाई गरम पाण्यात: ७१ अंश सेल्सिअसला २५ मिनिटे हे रूढ प्रमाण आहे. तेवढे तापमान मिळत नसेल तर कपड्याला चालेल असे ब्लीच आणि पूर्ण वाळवणे.

भाग पाडणे

रहिवाशांचे तीन गट करा: आजारी, आजाऱ्याच्या संपर्कात आलेले, आणि दोन्ही नसलेले. आजाऱ्यांना स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय मिळाले तर उत्तम. मिळत नसेल तर एकाच आजाराचे रुग्ण एकत्र ठेवा, आणि एका पलंगाला एक कमोड खुर्ची नेमून द्या. यात एक फसगत होते: आजारी माणसाच्या शेजारच्याला घाईघाईने निरोगी खोलीत हलवले जाते. तो संपर्कात आलेला आहे, कदाचित उद्याच आजारी पडेल, आणि मग नवी खोलीही गेली. त्याला आहे तिथेच ठेवा, पडदा ओढा, पलंगांत अंतर वाढवा. हलवायचेच असेल तर संपर्कातल्यांच्या गटात.

नोरोव्हायरसमध्ये लक्षणे थांबल्यानंतर किमान ४८ तास वेगळे ठेवावे. त्यानंतरही शौचातून विषाणू दोन आठवडे किंवा त्याहून जास्त जाऊ शकतो, त्यामुळे शौचानंतरचे हात धुणे पुढेही तसेच चालू.

खरी विभागणी कर्मचाऱ्यांची. आजारी भागात काम करणारी व्यक्ती त्या पाळीत दुसऱ्या भागात जाणार नाही. रात्रपाळीला एकच परिचारिका असते तेव्हा हे मोडते, म्हणून साथीच्या काळात जास्तीचे माणूस रात्री लावा, दिवसा नव्हे. कर्मचारी आणखी कुठल्या केंद्रात काम करतात का ते विचारून ठेवा. २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या नर्सिंग होममधल्या कोविडच्या साथीत तपासणाऱ्यांना दिसले की एकाहून अधिक ठिकाणी काम करणाऱ्या आणि लक्षणे असताना कामावर आलेल्या कर्मचाऱ्यांमुळे आजार केंद्राकेंद्रांत पोहोचायला हातभार लागला.

उलटी-जुलाब झालेली व्यक्ती बरी झाल्यानंतर ४८ तास कामावर येऊ नये, स्वयंपाकघरातली तर मुळीच नाही. हा नियम भिंतीवर लावून पाळला जात नाही. रजेचा पगार कापला जाणार असेल तर मदतनीस पोट दाबून कामावर येणार, आणि त्यात तिचा दोष नाही. आजारपणाची पगारी रजा ही साथरोग नियंत्रणातल्या सगळ्यात परिणामकारक गोष्टींपैकी एक आहे, आणि व्यवस्थापनाने हा खर्च जंतुनाशकाच्या खर्चाच्या रांगेत लिहावा.

रुग्णाकडे लक्ष

वृद्धांमध्ये जुलाबाने जीव जातो तो बहुतेक वेळा पाणी कमी पडल्याने. तहानेची जाणीव मंदावलेली असते, म्हणून मागतील तेव्हा देऊ हे चालत नाही. ओआरएसचे एक पाकीट, त्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात (सहसा एक लिटर) विरघळवा. अर्धे पाकीट पेल्यात घालणे घातक आहे, क्षार जास्त होतात. तयार केलेले २४ तासांत संपवा. उलटी होत असेल तर दर पाच मिनिटांनी एक-दोन चमचे, आडव्या माणसाला नाही, बसवून. गिळण्याचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टरांनी सांगितलेल्या घट्टपणानेच. किती प्यायले आणि किती वेळा लघवी झाली ते लिहा. सहा-आठ तास लघवी नाही, नवा गोंधळ, उभे राहताच चक्कर, दमलेला वेगवान श्वास यांपैकी काही दिसले तर डॉक्टर आत्ता, सकाळी नाही.

त्याच दिवशी औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. लघवीच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मेटफॉर्मिन, वेदनाशामक गोळ्या, डिगॉक्सिन, लिथियम: पाणी कमी झालेल्या शरीरात ही औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात किंवा रक्तात साचून विषारी होऊ शकतात. काही दिवस थांबवायची की कमी करायची हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना जुलाब सुरू झाल्याचे कळलेच नाही तर गोळ्या रोजच्यासारख्या दिल्या जातात. जुलाब थांबवायची गोळी आपणहून देऊ नका, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल असेल तर ती धोक्याची ठरते. प्रतिजैविक घेतलेल्या रहिवाशाला २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ शौच झाले तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची वेगळी तपासणी मागा. तो निघाला तर सफाईला ५००० पीपीएम क्लोरीन आणि साबणाने धुतलेले हात, दुसरे काही नाही.

ताप-खोकल्याची साथ वेगळी कशी

इथे वाट हातांपेक्षा हवेची असते, आणि ओळखण्यातच उशीर होतो. वृद्धाला ताप येईलच असे नाही. तोंडातून मोजलेले १०० अंश फॅरेनहाइटच्या वर एकदा, किंवा ९९ च्या वर वारंवार, किंवा त्याच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंश जास्त, यांपैकी काहीही ताप धरावा. तिसऱ्या निकषासाठी प्रत्येकाचे नेहमीचे तापमान नोंदलेले हवे. ज्याचे रोजचे ९६.५ असते त्याचे ९८.६ म्हणजे तापच, आणि सगळे त्याला नॉर्मल म्हणून सोडून देतात. याशिवाय अचानक गोंधळणे, जेवण सोडणे, न पडणारा माणूस पडणे, दिवसभर झोपून राहणे, श्वास मिनिटाला २५ किंवा अधिक होणे. कुटुंबीय किंवा जुनी मदतनीस म्हणाली की आज या बऱ्या दिसत नाहीत, तर त्या शब्दांना थर्मामीटरइतके वजन द्या.

एकाला इन्फ्लुएन्झाची (फ्लूची) लागण पक्की झाली आणि ७२ तासांत दुसऱ्याला तशीच लक्षणे आली की फ्लूची साथ समजतात. मग लक्षणे असलेल्या सगळ्यांना ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध, नेहमीच्या मात्रेत ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस, आणि त्या भागातल्या निरोगी रहिवाशांनाही प्रतिबंधासाठी दिवसातून एकदा, किमान दोन आठवडे आणि शेवटच्या रुग्णानंतर सात दिवस होईपर्यंत. हे डॉक्टरांनीच लिहून द्यायचे. औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी, आणि तेच तास वाया जातात, कारण मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर मात्रा घटवावी लागते आणि फायलीत क्रिएटिनिनच (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) नसते. प्रत्येकाचे वजन आणि वर्षभरातले क्रिएटिनिन एका तक्त्यात लिहून ठेवलेले असेल तर डॉक्टर फोनवर दहा मिनिटांत चाळीस जणांची मात्रा ठरवू शकतात. हिवाळ्यापूर्वी करायचे हे एक काम, बाकी काही जमले नाही तरी.

कोविडने एक गोष्ट पक्की शिकवली. त्याच वॉशिंग्टन राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये तपासलेल्या ७६ रहिवाशांपैकी ४८ बाधित निघाले, आणि त्यातल्या २७ जणांना तपासणीच्या दिवशी कसलीच लक्षणे नव्हती. २७ पैकी २४ जण पुढे आजारी पडले. म्हणजे खोकणाऱ्यालाच वेगळे करणे अपुरे. पहिला रुग्ण सापडताच सगळ्या कर्मचाऱ्यांनी मास्क घालावा, त्या भागातल्या सगळ्यांची तपासणी करावी आणि काही दिवसांनी ती पुन्हा करावी.

मास्क नाकावर दाबून बसवा, आजारी खोलीत एन-९५. उतरवण्याचा क्रम: आधी हातमोजे, मग गाऊन, हात स्वच्छ, मग चष्मा, खोलीबाहेर आल्यावर मास्क दोरीने धरून, पुन्हा हात. संसर्ग बऱ्याचदा उतरवताना होतो. आणि कर्मचाऱ्यांची चहाची खोली विसरू नका. पाळीभर मास्क घालून सहा जण लहानशा बंद खोलीत मास्क काढून एकत्र जेवतात, तिथे सगळे मुसळ केरात जाते. एका वेळी दोघे, खिडकी उघडी.

हवेसाठी ताशी पाच वेळा हवा बदलावी एवढे लक्ष्य ठेवा. ४ मीटर बाय ५ मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीत ६० घनमीटर हवा असते, म्हणजे ताशी ३०० घनमीटर स्वच्छ हवा लागेल. हेपा फिल्टरचे (बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचे) यंत्र घेताना त्यावरचा हाच आकडा पाहा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर बऱ्याचदा एवढे साधते. कार्बन डायऑक्साइडचा मीटर टीव्हीच्या खोलीत ठेवा, ८०० पीपीएमच्या वर जात राहिला तर हवा साचते आहे. टेबलफॅनचे तोंड आजारी माणसाकडून दाराकडे असू नये, खिडकीकडे असावे.

इतर काही, थोडक्यात

खरूज. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे एक रुग्ण सापडेपर्यंत अनेकांना झालेली असते. पर्मेथ्रिन ५ टक्के क्रीम गळ्यापासून पायांच्या तळव्यांपर्यंत, नखांखाली आणि बोटांच्या बेचक्यांत, ८ ते १४ तास, सात दिवसांनी पुन्हा. वृद्धांमध्ये डॉक्टर बहुधा डोके, मान आणि कानामागेही लावायला सांगतात. मध्येच हात धुतले तर तिथे पुन्हा लावा. लक्षणे नसलेले रहिवासी, कर्मचारी आणि त्यांच्या घरचे यांच्यावर एकाच दिवशी उपचार झाले नाहीत तर दोन महिन्यांनी सगळे पहिल्यापासून. कुणाच्या अंगावर जाड, खपल्यांचे थर असतील आणि खाज कमीच असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला बोलवा: खपलीच्या खरजेत एका अंगावर लाखो किडे असू शकतात आणि साऱ्या साथीचे मूळ बऱ्याचदा तोच एक माणूस असतो. नीट उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते, त्याला औषध फसले असे समजू नका.

साखर तपासण्याचे यंत्र. बोटाला टोचायचे पेनसारखे साधन एकापेक्षा जास्त रहिवाशांना वापरल्यामुळे वृद्धनिवासांत हिपॅटायटिस बीच्या साथी झाल्या आहेत, सुई बदलली तरीही. एकदा वापरून आपोआप बंद होणारी लॅन्सेटच (टोचणी) ठेवा, ग्लुकोमीटर शक्यतो प्रत्येकाचा वेगळा, नसेल तर प्रत्येक वापरानंतर निर्जंतुक.

एकाच भागात दोघांना न्यूमोनिया झाला आणि फ्लू-कोविड नकारात्मक आले, तर पाण्याचा विचार करा. लिजिओनेला हा पाण्यात वाढणारा, न्यूमोनिया करणारा जीवाणू माणसाकडून माणसाला जात नाही, तो शॉवरच्या तुषारांतून येतो. गरम पाण्याची टाकी ६० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवलेली आहे का, न वापरलेल्या खोलीतला नळ कधी सोडला होता, हे तपासा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि वजन घटत असेल तर क्षयरोगाची तपासणी.

बंद दाराची किंमत

खोलीत ठेवलेला वृद्ध आठवडाभरात चालणे विसरू शकतो. भरवायला कुणी वेळेवर येत नाही, पाणी हाताला लागत नाही, पाठीला जखम होते, बोलायला कुणी नसल्याने गोंधळ वाढतो. म्हणून वेगळे ठेवलेल्या प्रत्येकाच्या दारावर एक तक्ता हवा: दर दोन तासांनी कूस बदलली, पाणी दिले, दिवसातून दोनदा उभे करून चालवले, कुणीतरी बसून बोलले. स्मृतिभ्रंश असलेल्याला खोलीत थांबा म्हणून तो थांबणार नाही. कुलूप किंवा बांधणे हा उपाय नाही. त्याला फिरू द्या, एकच जागा ठरवा, सोबत एक व्यक्ती द्या, आणि त्याच्या मागोमाग कठडे पुसा.

कुटुंबीयांना पहिल्याच दिवशी कळवा. सरसकट भेटबंदी करू नका. जो मुलगा किंवा सून रोज येऊन भरवते ती काळजीचाच भाग आहे, तिला हात धुणे आणि मास्क शिकवून येऊ द्या. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला भेटायला कधीही अडवू नका.

नोरोव्हायरसमध्ये चार दिवस, म्हणजे जंतू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या सर्वांत लांब काळाच्या दुप्पट, एकही नवा रुग्ण नसेल तर साथ संपली असे म्हणता येते. त्यानंतर पडदे उतरवून धुवा, फाटक्या आवरणाच्या गाद्या बदला, उघडी राहिलेली वाइप्सची पाकिटे आणि क्रीमच्या डब्या टाकून द्या. नवे रहिवासी दाखल करणे आणि सामायिक जेवण सफाईनंतर सुरू करा. मग पहिल्या दिवशीची ती यादी पाळीपत्रकाशेजारी ठेवून एकदा वाचा: कोणत्या तारखेला कोण कोणत्या खोलीत होते, आणि पहिले लक्षण दिसल्यापासून आरोग्य विभागाला फोन जाईपर्यंत नेमके किती तास गेले.